लोकल जार पाथने जोडली, तरी बिल्डला सापडत नाही

एसएमएस गेटवेवाल्यांनी ईमेलने एक जार फाइल, म्हणजे जावाच्या तयार कोडचं गाठोडं, पाठवलेली असते. ती लिब्स फोल्डरमध्ये टाकायची, बिल्ड फाइलमध्ये तिचा पाथ लिहायचा, झालं. आपल्या लॅपटॉपवर बिल्ड सुरळीत होतो. कोड पुश केला की सीआय सर्व्हरवर (पुश झालेला कोड आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर) कम्पायलर म्हणतो, 'पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट'. मग कोणी पाथमध्ये दोन टिंबं वाढवतं, कोणी फोल्डर हलवतं, कोणी क्लीन बिल्ड मारतं, आणि काहीतरी जमून जातं. नक्की कशाने जमलं ते कोणालाच कळलेलं नसतं, म्हणून नवं मॉड्यूल आलं किंवा टीममध्ये नवा माणूस आला की तोच प्रकार पुन्हा.

मुळात प्रश्न दोनच आहेत. लिहिलेला पाथ कुठल्या फोल्डरपासून मोजला जातोय? आणि त्या मशीनवर, त्या जागी, ती फाइल खरंच आहे का? बिल्ड टूल यांपैकी एकाचंही उत्तर आपणहून देत नाही, आणि जी एरर येते ती भलतीकडेच बोट दाखवते. म्हणून पाथशी झटापट करण्याआधी टूलला बोलतं करायचं. इथे ग्रेडल आणि मेव्हन ही जावाची दोन बिल्ड टूल घेतली आहेत. कमांड आणि कोडमधले शब्द देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगने करायचे.

## लोकल ठेवायलाच हवी का?

ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावातून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) हे यातलं जुनं दुखणं. वर्षानुवर्षं तो मेव्हन सेंट्रलवर, म्हणजे जावा लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक साठ्यावर, नव्हता. ओरॅकलच्या साइटवर लॉगिन करून उतरवायचा आणि हाताने बसवायचा. २०१९ पासून तो सेंट्रलवर आहे. तरी जुन्या प्रोजेक्टांच्या लिब्समध्ये त्याची ओजेडीबीसी जार अजून तशीच पडलेली दिसते, कारण त्या फोल्डरला हात लावायची कोणाची छाती होत नाही. जेसेंटर या तशाच दुसऱ्या साठ्याचं उलटं झालं. २०२१ मध्ये जेफ्रॉगने ती रिपॉझिटरी बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी आपापल्या कॅशेमधून जार आणि एएआर (अँड्रॉइड लायब्ररीच्या फाइली) उचलून प्रोजेक्टमध्ये ठेवल्या. त्यांतल्या कित्येक लायब्रऱ्या पुढे सेंट्रलवर आल्या, पण लिब्समधल्या प्रती तिथेच राहिल्या.

तेव्हा आधी सेंट्रलवर शोधा. फाइलचं नाव कोणी बदललेलं असेल तर जार झिपसारखी उघडा आणि आत मेटा-इन्फ फोल्डरमध्ये मेव्हन नावाचा फोल्डर आहे का बघा. मेव्हनने बनवलेल्या बहुतेक जारमध्ये तिथे पॉम डॉट प्रॉपर्टीज ही छोटी फाइल असते, आणि तिच्यात ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि व्हर्जन तिन्ही लिहिलेले असतात. ते सेंट्रलवर मिळालं तर बिल्ड फाइलमधली पाथची ओळ काढा. पुढचं वाचायची गरज नाही.

विक्रेत्याने फक्त ईमेलवर दिलेली, कुठेही प्रकाशित न झालेली जार असेल तर मात्र पुढे चला.

## ग्रेडल गप्प बसतं

ग्रेडलमध्ये लोकल जार जोडायची साधी ओळ अशी:

इम्प्लिमेंटेशन फाइल्स('लिब्स/एसएमएस-गेटवे-२.३.जार')

आणि सर्वांत जास्त कॉपी-पेस्ट झालेली ओळ अशी:

इम्प्लिमेंटेशन फाइलट्री(डिर: 'लिब्स', इन्क्लूड: ['*.जार'])

या दोन्हींचा एक गुण सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. 'फाइल्स' म्हणजे ग्रेडलच्या लेखी नुसती पाथची यादी. त्या पाथवर फाइल नसली तरी कॉन्फिगरेशनच्या वेळी एरर येत नाही. नसलेला पाथ तसाच कम्पायलरच्या क्लासपाथमध्ये (लायब्रऱ्या शोधायच्या जागांच्या यादीत) जातो. जावाचा कम्पायलरही क्लासपाथमधल्या नसलेल्या नोंदींकडे एरवी दुर्लक्ष करतो. 'फाइलट्री' तर आणखी मवाळ: फोल्डरच नसेल तर ती रिकामी यादी देते आणि पुढे जाते. त्यामुळे 'अमुक जार सापडली नाही' असं कोणीच म्हणत नाही. थेट इम्पोर्टची ओळ लाल होते, आणि माणूस इम्पोर्ट तपासत बसतो.

'ग्रेडल डिपेन्डन्सीज' ही कमांड चालवून उपयोग नाही. तो अहवाल मॉड्यूलांचा असतो. 'फाइल्स'ने जोडलेल्या जार त्यात दिसतच नाहीत. तिथे दिसली नाही म्हणून ओळ चुकली असं समजून ती बदलत बसणारे पुष्कळ भेटतात.

त्याऐवजी एक छोटा टास्क लिहा. टास्क्स डॉट रजिस्टर, नाव 'जारतपासा', आणि त्याच्या डूलास्टमध्ये एवढंच: कॉन्फिगरेशन्स डॉट कम्पाइलक्लासपाथ डॉट फाइल्स यावर फिरायचं, प्रत्येक फाइलचा पूर्ण पाथ छापायचा आणि शेजारी तिच्या 'एक्झिस्ट्स'चं उत्तर. अँड्रॉइडच्या प्रोजेक्टमध्ये कॉन्फिगरेशनचं नाव 'डीबगकम्पाइलक्लासपाथ' असं, व्हेरियंटनुसार असतं, आणि तिथे थेट फिरताना व्हेरियंटच्या निवडीवरून वेगळीच एरर येऊ शकते. तसं झालं तर फक्त आपल्या जारची फाइल घेऊन तिचा पूर्ण पाथ छापा. हा टास्क लॅपटॉपवर चालवा आणि मग सीआयवर. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा उत्तर समोरच असतं: लॅपटॉपवर पाथ बरोबर आणि फाइल आहे, सीआयवर पाथ तोच आणि फाइल नाही, किंवा पाथच भलत्या फोल्डरकडे चाललाय. शेजारच्या मॉड्यूलचा अजून न बनलेला आउटपुटही यादीत 'नाही' दाखवेल, त्याने दचकू नका.

कायमचा बंदोबस्त हवा असेल तर जारचा पाथ आधी एका व्हेरिएबलमध्ये घ्या, 'फाइल' फंक्शन वापरून. ती नसेल तर तिथेच ग्रेडलएक्सेप्शन फेका आणि मेसेजमध्ये पूर्ण पाथ छापा. मगच ते व्हेरिएबल 'फाइल्स'ला द्या. तीन ओळी वाढतात, पण पुढे फाइल हरवली की बिल्ड पहिल्याच सेकंदाला नाव घेऊन सांगतो. हे काम ग्रेडलने स्वतः करायला हवं होतं असं माझं मत आहे. 'फाइल्स'मध्ये बिल्डच्या ओघात पुढे तयार होणाऱ्या फाइलही देता येतात, म्हणून ते करत नाही, हे मान्य. पण त्याचा भुर्दंड सगळ्यांनी का सोसायचा?

## पाथ मोजायचा कुठून

'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता गाव ठरल्याशिवाय कामाचा नाही. रिलेटिव्ह पाथचंही तसंच. ग्रेडलमध्ये 'फाइल', 'फाइल्स' आणि 'फाइलट्री' यांचा गाव म्हणजे त्या प्रोजेक्टचा फोल्डर, आणि मल्टी-मॉड्यूल बिल्डमध्ये प्रत्येक मॉड्यूल हा स्वतंत्र प्रोजेक्ट असतो. म्हणजे 'अ‍ॅप' मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये 'लिब्स/एसएमएस-गेटवे-२.३.जार' लिहिलं तर शोध 'अ‍ॅप/लिब्स'मध्ये होतो. जार मुळाशी असलेल्या लिब्समध्ये ठेवली असेल तर ती सापडणार नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे कोणी बोलणारही नाही.

यावर दोन टिंबं देऊन एक पायरी वर जायचा उपाय चालतो, पण मॉड्यूल एका फोल्डरने आत सरकलं की मोडतो. 'रूटप्रोजेक्ट डॉट फाइल' वापरा, म्हणजे मोजणी मुळापासून होते आणि मॉड्यूल कुठेही हलवलं तरी ओळ तशीच राहते. कम्पोझिट बिल्ड असेल, म्हणजे एक बिल्ड दुसऱ्यात 'इन्क्लूडबिल्ड'ने घेतलेला असेल, तर आतल्या बिल्डचा रूट त्याचा स्वतःचा असतो. बाहेरच्या बिल्डच्या मुळाशी ठेवलेली जार त्याला तिथून दिसत नाही.

मुळातल्या बिल्ड फाइलमध्ये 'सबप्रोजेक्ट्स' ब्लॉक लिहून त्यात 'फाइल्स' वापरलं की ओळ एकच दिसते, पण ती प्रत्येक मॉड्यूलसाठी त्याच्या-त्याच्या फोल्डरपासून मोजली जाते. पाच मॉड्यूल असतील तर पाच वेगळे लिब्स धुंडाळले जातात. 'अप्लाय फ्रॉम'ने ओढलेल्या सामायिक स्क्रिप्टचंही असंच आहे: त्यातले पाथ स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून नव्हे, ती ज्या प्रोजेक्टला लावली त्याच्या फोल्डरपासून मोजतात.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे 'न्यू फाइल' लिहून थेट जावाचा फाइल ऑब्जेक्ट बनवणं. तो पाथ प्रोसेसच्या चालू फोल्डरपासून मोजला जातो, आणि ग्रेडलच्या बाबतीत तो कुठला असेल याची खात्री नाही. मध्ये डीमन (ग्रेडलची मागे चालू राहणारी प्रोसेस) असतो, आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) असतं. टर्मिनलवरून चालतं आणि आयडीईतून चालत नाही अशी तक्रार आली की बिल्ड फाइलमध्ये आधी 'न्यू फाइल' शोधा.

विंडोजवाल्यांसाठी दोन गोष्टी. ग्रूव्हीच्या (ग्रेडलची बिल्ड फाइल जिच्यात लिहितात त्या भाषेच्या) स्ट्रिंगमध्ये उलटा स्लॅश देऊ नका. त्याच्यानंतरचं नाव एन किंवा टी अक्षराने सुरू होत असेल तर तिथे नवी ओळ किंवा टॅब घुसतो आणि पाथ पाहताक्षणी बरोबर दिसत राहतो. सरळ स्लॅश विंडोजवरही चालतो. दुसरं आपल्या लोकांना हमखास भोवणारं: प्रोजेक्टच्या किंवा त्याच्या वरच्या कुठल्याही फोल्डरचं नाव देवनागरीत असेल, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर 'कामाचे' नावाचा फोल्डर, तर अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन विंडोजवर बिल्ड थांबवतं आणि पाथमध्ये अ‍ॅस्कीबाहेरची अक्षरं असल्याचं सांगतं. ती तपासणी बंद करायला 'अँड्रॉइड डॉट ओव्हरराइडपाथचेक' ही प्रॉपर्टी आहे, पण पुढे कुठलं तरी दुसरं टूल त्याच नावावर अडखळायची शक्यता राहतेच. फोल्डरचं नाव रोमनमध्ये करून टाकणं स्वस्त पडतं.

## फाइल त्या मशीनवर पोचली का

पाथ बरोबर, लॅपटॉपवर चालतं, सीआयवर नाही. अशा वेळी माझा पहिला संशय गिटवर असतो, ग्रेडलवर नाही.

गिटहबवर नवी रिपॉझिटरी करताना जावासाठीची तयार गिटइग्नोर फाइल घेतली असेल तर तिच्यात '*.जार' ही ओळ असते. बनलेल्या जार कमिट होऊ नयेत म्हणून ती ठेवलेली आहे, पण लिब्समधलीही तीत अडकते. 'गिट अ‍ॅड' केलं, एरर आली नाही, पुश झाला. जार मात्र लॅपटॉपवरच राहिली. 'गिट स्टेटस'मध्येही ती दिसत नाही. त्यासाठी 'गिट एलएस-फाइल्स लिब्स' चालवा. गिटकडे खरोखर काय आहे ते हीच कमांड सांगते. फाइल एक्सप्लोरर काय दाखवतो त्याला इथे अर्थ नाही. यादीत जार नसेल तर 'गिट चेक-इग्नोर -व्ही' आणि जारचा पाथ द्या. कुठल्या फाइलमधली कितवी ओळ तिला अडवतेय ते कळतं. कधीकधी ती ओळ प्रोजेक्टमध्ये नसतेच, आपल्या होम फोल्डरमधल्या ग्लोबल गिटइग्नोरमध्ये असते.

उपाय म्हणून गिटइग्नोरमध्ये '*.जार'च्या खाली उद्गारचिन्हाने सुरू होणारी अपवादाची ओळ घाला: '!लिब्स/*.जार'. मॉड्यूलांच्या आतले लिब्स फोल्डर असतील तर सुरुवातीला दोन तारका आणि स्लॅश लागतील. पण कोणी वर पूर्ण 'लिब्स/' फोल्डरच इग्नोर केलेला असेल तर हा अपवाद लागू पडत नाही. वरचा फोल्डर वगळला की गिट त्याच्या आत डोकावतच नाही. ती ओळ आधी काढावी लागते.

मग अक्षरांचा खेळ. विंडोजवर 'लिब्स'चं पहिलं अक्षर कॅपिटल असो वा स्मॉल, फाइल सापडते. मॅकवरही नेहमीच्या मांडणीत तसंच. सीआय सर्व्हर बहुधा लिनक्सचा, आणि तिथे ते दोन वेगळे फोल्डर. नाव नुसतं एक्सप्लोररमध्ये बदललं तर गिटला बदल जाणवतही नाही. 'गिट एमव्ही' वापरा, आणि तेही दोन टप्प्यांत: आधी भलतंच नाव, मग हवं ते. ब्राउझरने दोनदा उतरवलेल्या जारच्या नावात कंसातला आकडा शिरलाय का, आणि एक्स्टेन्शन लपवलेल्या विंडोजवर नाव 'जार डॉट जार' झालंय का, हेही त्याच दमात बघून घ्या.

फाइल पोचली, पण तीच नाही, असंही होतं. जार गिट एलएफएसमध्ये (मोठ्या फाइली वेगळ्या साठवायच्या गिटच्या सोयीत) असेल आणि सीआयने एलएफएस उतरवलं नसेल, तर जारच्या जागी काही ओळींची एक मजकुराची फाइल येते. फाइल आहे, नाव बरोबर आहे, आणि एरर येते 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' किंवा जुन्या जावावर 'एरर इन ओपनिंग झिप फाइल'. आकार बघा: जार शेकडो केबींची असायला हवी आणि इथे दीडशेच्या आत-बाहेर बाइट असतील तर निदान झालं. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या चेकआउटमध्ये एलएफएस आणि सबमॉड्यूल दोन्ही मुळात बंद असतात; वर्कफ्लोमध्ये ते चालू करावे लागतात.

डॉकरमध्ये, म्हणजे बिल्ड कंटेनरच्या आत होत असेल तेव्हा, गोष्ट क्रमाची असते. लेअर कॅशेसाठी बरेचजण डॉकरफाइलमध्ये आधी फक्त बिल्ड फाइल कॉपी करतात, डिपेन्डन्सी (लागणाऱ्या लायब्रऱ्या) उतरवतात आणि मग सोर्स कॉपी करतात. चांगली सवय आहे, पण डिपेन्डन्सी उतरवण्याच्या पायरीला लिब्स फोल्डर अजून आत आलेलाच नसतो. लिब्सची कॉपी त्या पायरीच्या आधी घ्या. आणि डॉकरइग्नोर फाइल उघडून बघा, तिच्यातही '*.जार' हमखास सापडते.

## मेव्हनची तऱ्हा

मेव्हनमध्ये पाथने जोडायची सोय म्हणजे 'सिस्टिम' स्कोप आणि त्याच्यासोबत 'सिस्टिमपाथ'. मेव्हनच्या स्वतःच्या माहितीत हा स्कोप डेप्रिकेटेड म्हणून नोंदलेला आहे, तरी शोधलं की पहिलं उत्तर तेच मिळतं.

सिस्टिमपाथला रिलेटिव्ह पाथ चालत नाही. 'मस्ट स्पेसिफाय अ‍ॅन अ‍ॅब्सोल्यूट पाथ' अशी एरर येते. मग सगळे पुढे 'प्रोजेक्ट डॉट बेसडिर' लावतात. एरर जाते आणि वॉर्निंग येते: हा पाथ प्रोजेक्टच्या आतला आहे, यावर अवलंबून असलेल्या प्रोजेक्टांना तो सापडणार नाही. ही वॉर्निंग खरी आहे, तिला दाबू नका. वर ही नोंद पॅरेंट पॉममध्ये (पॉम म्हणजे मेव्हनची बिल्ड फाइल) असेल तर बेसडिरची किंमत प्रत्येक चाइल्ड मॉड्यूलमध्ये त्याच्या फोल्डरची होते. पॅरेंटच्या शेजारी ठेवलेली जार मग एकाही मॉड्यूलला मिळत नाही. मेव्हन निदान पूर्ण पाथ छापून सांगतं, तो शेवटपर्यंत वाचा.

कम्पाइल झालं तरी सुटका नाही. सिस्टिम स्कोप म्हणजे 'ही फाइल चालवणाऱ्या मशीनवर आहेच' असं गृहीत. त्यामुळे वॉर फाइलमध्ये (सर्व्हरवर चढवायच्या पॅकेजमध्ये) ती जार जात नाही, आणि स्प्रिंग बूटचं प्लगइनही 'इन्क्लूडसिस्टिमस्कोप' ट्रू केल्याशिवाय ती आत घेत नाही. सर्व्हरवर पहिली एसएमएसची विनंती आली की 'नोक्लासडेफफाउंडएरर'.

दुसरा लोकप्रिय मार्ग 'इन्स्टॉल:इन्स्टॉल-फाइल'. यात जार आपल्या होम फोल्डरमधल्या एम२ रिपॉझिटरीत (मेव्हनच्या लोकल साठ्यात) बसते आणि पॉममध्ये नेहमीसारखी डिपेन्डन्सी लिहिता येते. दिसायला स्वच्छ, पण ती फक्त आपल्याच मशीनवर बसलेली असते. सीआय, सहकारी, डॉकर यांपैकी कोणाकडेही ती नाही. पॉवरशेलमध्ये ही कमांड 'अननोन लाइफसायकल फेज डॉट जार' म्हणून फुटली तर दोष मेव्हनचा नाही. डॅशने सुरू होणाऱ्या शब्दात टिंब आलं की पॉवरशेल तो तोडतं. '-डी'पासूनचा प्रत्येक भाग अवतरणचिन्हांत घाला.

जार नंतर कंपनीच्या रिपॉझिटरीत चढवली तरी मेव्हन काही वेळ 'नाही'च म्हणत राहतं, कारण न सापडल्याची नोंदही ते एम२मध्ये जपून ठेवतं. एररमध्ये 'फेल्युअर वॉज कॅश्ड' असे शब्द दिसले की '-यू' देऊन पुन्हा चालवा.

## सापडली, तरी चालत नाही

'फाइल्स'ने जोडलेल्या जारला ग्रेडलच्या दृष्टीने नाव नाही आणि व्हर्जनही नाही. म्हणून तीच लायब्ररी दुसऱ्या कुठल्या डिपेन्डन्सीमागून आली तर ग्रेडल दोघींतली नवी निवडत नाही. दोन्ही क्लासपाथवर बसतात. अँड्रॉइडवर 'डुप्लिकेट क्लास' अशी स्पष्ट एरर येते. सर्व्हरच्या जावावर मात्र बिल्ड होतो आणि चालताना 'नोसचमेथडएरर' येते, कधी येते कधी नाही. 'फाइलट्री'त हे आणखी सोपं होतं: लिब्समध्ये २.३ टाकली, २.२ काढायची राहिली, आणि तारकेने दोन्ही उचलल्या. फाइलट्रीतल्या फाइलींचा क्रम ठरलेला नसतो, त्यामुळे एका मशीनवर नवी आधी आणि दुसऱ्यावर जुनी आधी. या एका कारणासाठी तारका वापरू नये, जारचं पूर्ण नाव लिहावं, असं मी म्हणेन.

'क्लास फाइल हॅज राँग व्हर्जन ६१.०, शुड बी ५५.०' अशी एरर असेल तर पाथ बरोबर आहे, सोडून द्या. जार जावा १७ साठी बनलेली आहे आणि आपण ११ वर आहोत. विक्रेत्याकडे जुन्या जावाची जार मागा किंवा जावा वाढवा.

सगळं एका जारमध्ये गोळा करताना 'इनव्हॅलिड सिग्नेचर फाइल डायजेस्ट' आली तर विक्रेत्याची जार सही केलेली आहे. पेमेंटच्या लायब्रऱ्यांबाबत हे फार होतं. गोळा करताना मेटा-इन्फमधल्या एसएफ, डीएसए आणि आरएसए एक्स्टेन्शनच्या फाइली वगळा.

अँड्रॉइडची लायब्ररी मॉड्यूल स्वतः एएआर बनवत असेल आणि तिच्यात दुसरी एएआर पाथने जोडली असेल, तर नवीन प्लगइन ते सरळ नाकारतं: लोकल एएआरवर बेतलेली एएआर मोडकी निघेल. ती एरर बरोबर आहे आणि तिला वळसा नाही. पुढचा उपाय करावा लागतो.

## फोल्डरलाच रिपॉझिटरी करा

एकच अ‍ॅप, एकच मॉड्यूल, एकच जार असेल तर 'फाइल्स' पुरेसं आहे; वर सांगितलेली 'आहे का' ही तपासणी लावा आणि पुढच्या कामाला लागा. दुसऱ्या मॉड्यूलला तीच जार हवी झाली, किंवा आपलं मॉड्यूल पुढे कोणाला प्रकाशित करून द्यायचं असेल, की पाथ सोडा. प्रकाशित पॉममध्ये 'फाइल्स'ची नोंद जातच नाही, आणि घेणाऱ्याला कशाची कमी आहे ते कळायला मार्ग उरत नाही.

मधला मार्ग म्हणून 'फ्लॅटडिर' सुचवलं जातं. त्यात जार न सापडल्याची एरर तरी येते, एवढा फायदा. पण त्याला मेटाडेटा कळत नाही, ग्रेडल स्वतःच ते टाळायला सांगतं, आणि एका मॉड्यूलने फ्लॅटडिर लावून घेतलेली जार त्याच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या मॉड्यूलला सापडत नाही, कारण रिपॉझिटरीची नोंद डिपेन्डन्सीबरोबर पुढे जात नाही.

कंपनीत नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी (कंपनीची स्वतःची रिपॉझिटरी चालवणारी सॉफ्टवेअर) असेल तर जार तिथे चढवा. नसेल तर प्रोजेक्टच्या मुळाशी 'रेपो' नावाचा फोल्डर करा आणि मेव्हनच्या 'डिप्लॉय:डिप्लॉय-फाइल' कमांडला यूआरएल म्हणून त्या फोल्डरचा 'फाइल:'ने सुरू होणारा पत्ता द्या. ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि व्हर्जन यांच्या उतरत्या फोल्डरांत जार आणि तिचा पॉम नीट मांडले जातात. हा फोल्डर गिटमध्ये कमिट करा, आणि गिटइग्नोरमधला अपवाद इथेही लागेल हे विसरू नका. विक्रेत्याच्या जारला आणखी कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते पॉममध्ये एकदा लिहिलं की प्रत्येक मॉड्यूलमध्ये पुन्हा लिहावं लागत नाही.

ग्रेडलमध्ये ही रिपॉझिटरी सेटिंग्ज फाइलमधल्या 'डिपेन्डन्सीरिझोल्यूशनमॅनेजमेंट' ब्लॉकमध्ये, 'रूटडिर'पासून पाथ देऊन जोडा. अँड्रॉइड स्टुडिओच्या नव्या प्रोजेक्टांत रिपॉझिटरी मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये लिहिली तर बिल्ड नाकारला जातो, त्याचं कारण हाच ब्लॉक. सोबत 'एक्सक्लुझिव्हकंटेंट' लावून विक्रेत्याचा ग्रुप फक्त याच रिपॉझिटरीतून घ्यायचा असं बांधून टाका. मग त्याच नावाची भलती जार बाहेरून आत शिरत नाही. हाताने फोल्डर मांडून नुसती जार ठेवली, पॉम ठेवला नाही, तर ग्रेडल ६ पासून ती सापडत नाही. ग्रेडल आधी मेटाडेटा शोधतं. पॉम नसेल तर 'मेटाडेटासोर्सेस'मध्ये 'आर्टिफॅक्ट' असं वेगळं सांगावं लागतं.

मेव्हनमध्ये हीच रिपॉझिटरी पॉममध्ये 'फाइल:' आणि बेसडिर जोडून लिहितात. विंडोजवर उलट्या स्लॅशमुळे किंवा फोल्डरच्या नावातल्या रिकाम्या जागेमुळे यूआरएल बिघडत असेल तर 'प्रोजेक्ट डॉट बेसयूआरआय' वापरा. मल्टी-मॉड्यूल बिल्डमध्ये बेसडिरची मघाची गंमत इथेही लागू आहे. मेव्हन ३.३.१ पासून 'मेव्हन डॉट मल्टीमॉड्यूलप्रोजेक्टडिरेक्टरी' ही किंमत मिळते, मुळाशी '.एमव्हीएन' फोल्डर ठेवला की ती त्या मुळाकडे बोट दाखवते.

विक्रेत्याने दुरुस्त केलेली जार त्याच व्हर्जनने पाठवली, आणि ते तसंच पाठवतात, तर ती रेपो फोल्डरमध्ये जुन्यावर टाकू नका. ग्रेडल फाइल-रिपॉझिटरीतली जार जागच्या जागी वाचतं, त्यामुळे त्याला नवी मिळेल. मेव्हनने मात्र जुनी जार एम२मध्ये उतरवून घेतलेली असते, आणि रिलीज व्हर्जन एकदा उतरलं की ते पुन्हा मागत नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये मग एकाच्या मशीनवर दुरुस्त जार आणि दुसऱ्याच्या मशीनवर जुनी, दोघांचंही व्हर्जन २.३. आपल्या बाजूने २.३-१ असं व्हर्जन देऊन नव्याने डिप्लॉय-फाइल चालवा आणि पॉममध्ये तेच लिहा. सीआयवरची कॅशेची किल्ली बहुधा पॉमच्या हॅशवरून बनते. व्हर्जन बदललं की ती बदलते, आणि नवी जार तिथेही आपोआप उतरते.